उणे विसातला हिरवा दिवा

पैज लावून सांगतो, यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. जगदेवे, तू तर नाहीच; पण गोष्ट संपेपर्यंत मधे तोंड घालायचं नाही.

आगगाडीनं लातूरला पाणी आलं ते साल. उदगीरात ऊन असं, की भिंतीची सावली भिंत सोडून घरात येऊन बसायची, हाकलली तरी हलायची नाही. महादेवप्पा आइस्क्रीमच्या गोदामात ऑपरेटर. बाहेर बेचाळीस, आत उणे वीस. घरी बायको शरणम्मा. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. दुपारी लाइट गेली की ते लिथियमच्या बॅटरीवर चालायचं. मिस्त्रीनं बांधून दिलेली पेटी, तीन तास ओढायची.

उन्हानं पेटी तापू लागली. तापून फुगली तर? महादेवप्पानं डोकं लढवलं: दूध थंडीत टिकतं, लोणी टिकतं, मग बॅटरी का टिकू नये? रोज सकाळी तो पेटी गोदामात न्यायचा आणि उणे विसातच चार्जिंगला लावायचा. एरवी चार तास खाणारी पेटी अर्ध्या तासात हिरवा दिवा दाखवायची!

"थंडीनं पेटी तरणी झाली बघ," तो म्हणायचा.

"मग मला बी ठिवा की गोदामात," शरणम्मा धापा टाकत हसायची.

पंधरवड्यात पेटी तीन तासांवरून वीस मिनिटांवर आली. नांदेडच्या सिद्धेश्वर मिस्त्रीनं ती उघडली आणि कपाळाला हात लावला.

"काका, आत ग्राफाइट हाय, वहीच्या पानावाणी थर. चार्ज करताना लिथियम त्या पानांत शिरून बसतं. गारठ्यात त्याला शिरता येईना, न् तुमी वरून लोटून राहिले. ते पानांवरच लेप धरून बसलं, चांदीवाणी. दिवा लौकर लागला तो पेटी भरली म्हणून न्हाई, दारात गर्दी झाली म्हणून."

"ऊन दाखवलं तर सुटंल का?"

"न्हाई सुटत. परवा नवी पेटी जीपनं धाडतो."

जुनी पेटी मांडीवर घेऊन महादेवप्पा एसटीत बसला. गळ्याला मफलर गुंडाळून, रोज हौसेनं, आपण बायकोचा श्वास थिजवत होतो, एवढंच त्याला उदगीर येईपर्यंत दिसत राहिलं.

परवाच्या दिवशी 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' म्हणून जळकोटला रास्ता रोको. जीप पलीकडं अडकली. इकडं बाराला लाइट गेली. जुनी पेटी सहा मिनिटं चालली. महादेवप्पा पुठ्ठ्यानं वारा घालत बसला. वाऱ्यानं काय होतंय?

पण तेवढ्यात काय व्हावं! रस्त्यावरच्या पाच हजार माणसांनी जीप डोक्यावर उचलली. या डोक्यावरून त्या डोक्यावर, थेट उदगीरला दारात! पेटी जोडली, मशीन घुरघुरलं, शरणम्मा उठून बसली न् म्हणाली, चहा टाका...

"खोटं!" जगदेवी ताडकन उठली. "दाजी, सोताचं नाव परक्यावाणी घेतलं म्हणून मेलेलं माणूस उठतंय व्हय? जीप सांजच्याला आली. तवा अक्काला आपल्या रीतीनं मातीत बसवून आमी हात धुवायला पाणी हुडकून राहिलो होतो."