पहिली सही

गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. परमुलखातून येऊन सव्वीस वर्षं झाली, इथल्या दोन पिढ्यांचे शाळेचे गणवेश त्यांनी शिवले, आणि तेवढ्यावर भला माणूस समजून बसला की आपण आता इथलेच. काय म्हणावं याला!

गेल्या महिन्यात घरमालकांनी ठराव काढला, की परमुलखातून आलेल्या कुणालाही यापुढे गल्लीत खोली द्यायची नाही. त्यांचे अध्यक्ष कागद घेऊन दुकानात आले आणि कमरेचं माप देता देता म्हणाले, मास्तर, तुमची सही आधी असली की आम्हाला कुणी नावं ठेवणार नाही. मास्तरांची विधवा बहीण दोन मुलींना घेऊन यायची होती, वरच्या खोलीसाठी त्यांनी घरमालकाकडे शब्दही टाकला होता. हे सही करताना आठवलं नाही असं नाही. पण आपल्याला कोण अडवतंय, या तोऱ्यात गडी होता. शिवाय समोरच्या इमारतीत आपल्याच मुलखाची नवी मंडळी जिन्यात मोठमोठ्यानं बोलायची, त्याची यांनाच लाज वाटायची. केली सही.

बहीण आली त्या दुपारी ते किल्ली मागायला गेले. घरमालकानं कागदच पुढे केला. मास्तरांनी गयावया केली, हात जोडले.

"तुम्हाला कुणी जा म्हणतंय का, मास्तर?" घरमालक समजुतीनं म्हणाला. "पण तुमच्यासाठी ठराव मोडला, तर लोक मला काय म्हणतील?"

मग लाज गिळून ते बहिणीसाठी जागा मागायला समोरच्या इमारतीत गेले. तिथला त्यांच्याच गावाकडचा वायरमन गादी खांद्यावर घेऊन जिना उतरत होता. त्याचा भाडेकरार वाढवला नव्हता. तो शिव्या देईल असं मास्तरांना वाटलं. त्यानं फक्त वाट द्यायला सांगितलं.

दुकानात बहीण मशिनजवळ बसली होती, मुली कापडाच्या गठ्ठ्यावर झोपल्या होत्या. मास्तर स्वतः माळ्यावर निजत, तिथे एक माणूसही वाकूनच मावतो. तिनं किल्लीचं विचारलं. त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांना रडू कोसळलं.

 मुली जाग्या होऊ नयेत म्हणून ती हळूच म्हणाली, "तिकडचं घर मी मोडून आले रे, दादा."