जड परत आलेला डबा

माझ्या झाकणावर अंगठ्याएवढा पोचा आहे, मित्रांनो. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या बाजारातला भांडीवाला तो पाच मिनिटांत ठोकून काढून देईल, पण आमच्या पुष्पलताबाई काढू देत नाहीत. हा पोचा कसा पडला तेच आज सांगणार आहे. त्या दिवसाची भीती अजून माझ्यात बसलेली आहे, तेव्हा सांगताना थोडा खडखडलो तर सांभाळून घ्या.

मी स्टीलचा, चार पुडांचा डबा. वय बावीस. कारखान्यात सपाट पत्र्याचा गोल कसा झालो ते विचारू नका, ती आठवण काही सुखाची नाही. तुमसरच्या बाजारात पुष्पलताबाईंच्या वडिलांनी मला निवडलं. दुकानदाराने मशीनने माझ्या पोटावर त्यांचं नाव कोरलं आणि लग्नाच्या रुखवतात मला सगळ्यांत पुढे मांडलं. तेव्हापासून माझा स्वभाव थोडा ऐटीचा आहे, हे मी कबूल करतो.

पुष्पलताबाईंचे यजमान गजेंद्र गुरुजी. ते किरनापूरच्या प्राथमिक शाळेत शिकवतात आणि बालाघाटहून रोज बसने जातात. अठरा वर्षं मी त्यांच्या पिशवीत बसून गेलो. माझा खटका पहिल्यापासून कडक आहे. उघडताना 'खट्ट' असा आवाज होतो. संध्याकाळी गुरुजी घरी आले की तो आवाज ऐकून त्यांची लेक रूपाली जिथे असेल तिथून धावत यायची. कारण गुरुजी खालच्या पुडात तिच्यासाठी काहीतरी राखून आणायचे. कधी शाळेतल्या झाडाची बोरं, कधी कुणाच्या वाढदिवसाची गोळी.

आमच्या घरची एक रीत आहे. भांडं रिकामं परत करायचं नाही. शेजारणीने वाटीभर भाजी दिली, तर वाटीत चिमूटभर साखर का होईना, घालूनच ती परत द्यायची. रूपाली ही रीत चालायला लागल्यापासून शिकली होती.

बारावीला तिला चांगले गुण मिळाले आणि ती नागपूरला इंजिनीअरिंगला गेली. गुरुजींनी स्वतःसाठी प्लास्टिकचा डबा घेतला आणि मला लेकीच्या सेवेत दिलं. दर मंगळवारी सकाळी मी प्रेमलाल कंडक्टरच्या बसमध्ये बसायचो. वारासिवनी, तुमसर, भंडारा करत दुपारी नागपूर. तिथे स्टँडवर रूपाली मला घ्यायला यायची. गुरुवारी प्रेमलालचीच बस मला परत आणायची. पोटात जवसाची चटणी, तिखट पुऱ्या, लाखोळीच्या डाळीचे वडे असत. येताना वरच्या पुडात संत्र्याच्या दोन फोडी, एखादं मोगऱ्याचं फूल, नाहीतर कॉलेजच्या अंगणातली चिंच. पुष्पलताबाई आधी वरचं पूड उघडायच्या आणि मग दिवसभर खुशीत असायच्या.

माझे सगळ्यांत चांगले दिवस तेच, मित्रांनो. पाच-सहा महिने टिकले.

जानेवारीच्या शेवटी पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला. रूपाली दोन विषयांत नापास झाली, त्यातला एक गणित. सगळं शिक्षण हिंदीतून झालेलं, आणि वर्गात सर फळ्याकडे तोंड करून इंग्रजीत भरभर बोलत. विचारायची लाज वाटे. गुरुजींच्या मुलीला गणित येत नाही, हे सांगणार तरी कुणाला? घरी फोनवर ती म्हणाली, "निकाल अच्छा आहे बाबा, सबका थोडा लेट आएगा पूरा." हे मी तिच्या खाटेखालून ऐकलं. ऐकलं, पण बोलता कुठे येतं?

आता गुरुजींची एक सवय सांगतो. ते माणूस म्हणून लोण्यासारखे, पण हात पडला मास्तरचा. दर डब्यात वरच्या पुडात ते एक चिठ्ठी ठेवत. चार घड्या, सुवाच्य अक्षर. 'वेळेचे मोल ओळख. रोज पाच गणिते सोडव. वर्गात कितवी आहेस ते कळव. आपल्या घराचा मान तुझ्या हाती आहे.' लिहिताना त्यांच्या डोळ्यांत माया असायची, मी पाहिली आहे. पण ती माया कागदावर उतरत नव्हती.

निकालानंतरची पहिली चिठ्ठी रूपालीने वाचली आणि जेवली नाही. दुसरी वाचून रडली. तिसऱ्या मंगळवारी तिने खटक्यावर बोट ठेवलं, आणि काढून घेतलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं. मग मला पायाने खाटेखाली सरकवलं.

मित्रांनो, डब्याला कुणी भितं का? उंदीर माझ्यामागे लागतात, मुंग्या लागतात, भुकेली पोरं लागतात. पण मला घाबरलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. आणि तेही कोण, तर 'खट्ट' ऐकून धावत येणारी रूपाली!

तिच्या खोलीत आमच्याच भागातल्या बैहर गावची मंजू राहायची. साधी, कामसू मुलगी. तिला वाटलं आपण मैत्रिणीला मदत करतोय. ती मला उघडायची, जेवढं खाता येईल तेवढं खायची, बाकीचं इतर मुलींना वाटायची, चिठ्ठी रूपालीच्या पुस्तकात ठेवायची आणि मला राख लावल्यासारखा लख्ख घासायची. रूपालीने सांगितलेलंच होतं, रिकामा पाठवू नकोस. म्हणून मंजू एका पाकिटातल्या दोन संत्रागोळ्या माझ्यात टाकायची आणि मला स्टँडवर नेऊन द्यायची.

घरी मी चमचमत पोहोचायचो. पुष्पलताबाई गोळी तोंडात टाकून म्हणायच्या, "पाहा, किती साजरा घासते आता. हॉस्टेलात राहून शिकली पोरगी." गुरुजी मान डोलवायचे. मी मात्र आतून ओरडत असे. अहो, रूपालीने जन्मात कधी माझ्या खटक्याचा कोपरा घासला आहे का? तिथे नेहमी हळद राहायची! बघा ना जरा, हळद कुठे गेली! पण माझा आवाज एकच, 'खट्ट', त्यातून कुणाला काय कळणार?

फेब्रुवारी गेला. रूपाली वर्गात जाईनाशी झाली. उजेड नको म्हणून खिडकीला ओढणी बांधली. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. फोन आला की उठून, घसा साफ करून, हसऱ्या आवाजात म्हणायची, "हौ आई, जेवली ना मी. पढाई चालू आहे." आणि फोन ठेवून पुन्हा भिंतीकडे वळायची. तिचं ते हसणं ऐकून माझा पत्रा गार पडायचा.

होळी आली. मंजू बैहरला गेली, हॉस्टेल रिकामं झालं. रूपालीने घरी सांगितलं की परीक्षा आहे, येता येत नाही. म्हणून बाईंनी माझ्यात पुरणपोळ्या भरल्या, कटाची आमटी भरली. वर गुरुजींची चिठ्ठी. हॉस्टेलची झाडलोट करणाऱ्या मैनाबाईंनी मला स्टँडवरून आणून दाराशी ठेवलं. रूपालीने आत घेतलं, पण उघडलं नाही. आमटी आंबली. पुरणाला तार सुटली. दोन दिवस मी तिच्या खाटेखाली तो वास पोटात धरून बसलो होतो आणि वर तिचा श्वास मोजत होतो.

गुरुवारी तिने दार इतकंच उघडलं की मी बाहेर जाऊ शकेन. "मैनाबाई, गाडीवर देऊन द्या," म्हणाली. बस्स.

बालाघाटला गुरुजी मला घ्यायला आले, तेव्हा प्रेमलाल घुटमळला. "गुरुजी, एक बात सांगू का? महिना-दीड महिना झाला, तुमची पोरगी दिसलीच नाही. थे बैहरवाली पोरगी डबा देत होती. आज तर होस्टेलची बाई देऊन गेली."

गुरुजी मला घेऊन निघाले. घरी येईपर्यंत त्यांनी मला दोनदा या हातातून त्या हातात घेतलं.

पुष्पलताबाईंनी मला उचललं आणि त्या जागच्या जागी थांबल्या. "अहो, हा जड काहून हाये?"

खट्ट. झाकण निघालं. वास घरभर पसरला. वरच्या पुडात चिठ्ठी, चार घड्यांची, जशीच्या तशी. खाली पोळ्यांवर पांढरी बुरशी. आमच्या घरात भांडं रिकामं परत येत नाही म्हणतात ना? त्या दिवशी मी भरून आलो होतो, आणि दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं.

गुरुजींनी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. हॉस्टेलच्या कचेरीत लावला, तर एक आवाज म्हणाला, "आहे खोलीत, मैनाबाईंनी आताच पाहिली." तेवढ्यावर त्यांनी रात्र काढली. सकाळच्या पहिल्या बसला दोघं निघाली. बाईंनी मला घासलं, तीनदा घासलं, आणि मांडीवर घेतलं. वाटभर त्या पदराने माझं झाकण पुसत होत्या. भंडारा आलं तेव्हा गुरुजींनी खिशातून पेन काढलं. मोठ्या माणसाच्या हातांना भीती वाटली की ते नेहमीचं काम शोधतात. बाईंनी पेनावर हात ठेवला.

"आता नोका लिहू. थे पोरगी डब्याले नाही भेत. तुमच्या कागदाले भेते."

गुरुजी खिडकीकडे वळले. त्यांचे खांदे हलताना मी पाहिले.

हॉस्टेलच्या जिन्यावर मैनाबाई भेटल्या. "तीन दिस झाले, मेसात आली नाही. सकाळपासून आवाज देऊन राह्यली मी. आतून कडी हाये."

दार. हिरवा रंग, त्यावर चिकटवलेलं वेळापत्रक. गुरुजींनी ठोकलं. "रूपाली, दार उघड." वर्गात चाळीस मुलांना गप्प करणारा तो आवाज मधेच फाटला. आत काही हललं नाही. पुन्हा ठोकलं. काही नाही. मैनाबाई खालून शिपायाला बोलवायला धावल्या. मला वाटलं, मी आयुष्यभर भाकऱ्या वाहिल्या, आता या दारापलीकडचं काही मला वाहायला लावू नका, देवा.

पुष्पलताबाई दारापाशी खाली बसल्या. मला जमिनीवर ठेवलं, खटका वर केला, खाली केला. खट्ट. थांबल्या. पुन्हा. खट्ट.

मग दाराला गाल लावून अगदी हळू म्हणाल्या, "रूपा, डबा रिकामा आणला वं. काहीच नाही त्याच्यात. चिठ्ठी बी नाही. तू काही टाकू नोको, आम्ही काही विचारत नाही. फक्त पाहू दे तुले."

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग आत खाट करकरली. पावलं आली. कडी निघाली. बाई धडपडत उठल्या, मला उचलायला गेल्या आणि लेकीचं तोंड दिसताच मी त्यांच्या हातून सुटलो. जिन्याच्या तीन पायऱ्या गडगडत गेलो. पोचा पडला तो तेव्हा. ठणका लागला, पण वर रडण्याचे आवाज ऐकू आले, तीन माणसांचे, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

"मी फेल आहे, आई. दो विषय मध्ये. मले काहीच समजत नाही तिथं," रूपाली म्हणाली.

गुरुजी पुष्कळ बोलू शकले असते. त्यांनी मला पायरीवरून उचललं, खाली गेले आणि माझ्या चारही पुडांत तर्रीपोहे भरून आणले. लेक खात होती तोवर तिच्याशेजारी मांडी घालून बसले. गणिताचं नाव काढलं नाही. उद्या कॉलेजच्या समुपदेशक बाईंना तिघं मिळून भेटू, एवढंच म्हणाले. पण तेही ती हात धुऊन आल्यावर.

बाई पंधरा दिवस नागपुरात राहिल्या. मंजू परतल्यावर खूप रडली. तिला कुणी रागावलं नाही. एका सरांनी मुलीला हिंदीतून समजावून सांगायचं कबूल केलं. मे महिन्यात परीक्षा झाली. गणित निघालं, दुसरा विषय राहिला. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. अजूनही काही गुरुवारी रूपालीचा आवाज फोनवर फार हसरा असतो, आणि मग गुरुजी कुणाला न विचारता शनिवारची बस पकडतात.

चिठ्ठी अजून जाते. पण आता तीत असतं, 'आज तिसरीतला एक पोरगा पाढे म्हणता म्हणता झोपला. मीही त्याला उठवलं नाही.' रूपाली वरचं पूड आधी उघडते. माझ्या खटक्याच्या कोपऱ्यात पुन्हा हळद साचायला लागली आहे. बाई ती मुद्दाम तशीच ठेवतात.

पण माझी भीती काही गेलेली नाही. दर गुरुवारी बाई मला दोन्ही हातांत घेऊन आधी तोलतात, आणि तेवढा क्षण आम्ही दोघंही श्वास धरतो.

म्हणून मित्रांनो, या म्हाताऱ्याचं ऐका. तुमच्या घरी ताईदादाचा डबा परत येत असेल, तर तो चकचकीत आहे म्हणून फळीवर ठेवून देऊ नका. कुणी घासला ते विचारा. आणि उद्या तुम्हीच घरापासून लांब असाल आणि डबा उघडायची भीती वाटेल, तर कुणाकडून घासून घेऊ नका. तसाच भरलेला परत पाठवा. आंबला तरी चालेल, वास सुटला तरी चालेल. तो वास मी घरी पोहोचवीन.