भरली की जड होते म्हणे

"बॅटरी चार्ज झाली ना, की तिचं वजन वाढतं म्हणे. आणि मग एक दिवस..." शेजारच्या काकू दारात एवढंच बोलल्या, तेवढ्यात त्यांच्या कुकरची शिट्टी झाली आणि त्या घरी पळाल्या. मग एक दिवस काय, ते राहूनच गेलं.

मी तीच बॅटरी बोलतेय. पलंगाच्या वरच्या फळीवर बसलेली. खाली आजोबा झोपतात, नाकाला श्वासाच्या मशीनची नळी लावून. वीज गेली की ते मशीन माझ्यावर चालतं.

कारखान्यात माझ्या पोटात शिशाच्या पट्ट्या आणि ॲसिड भरलं, दुकानात मी धूळ खात पडले, पण भीती कशी असते ते ठाऊक नव्हतं. या घरात गप्पा ऐकायची खोड लागली आणि तीच नडली.

त्या दिवसापासून वीज आली की मी धास्तीने खाली आजोबांकडे बघायचे. भरत जाईन तशी जड होईन, आणि फळीसकट आजोबांच्या छातीवर कोसळेन. बरं, भरायचंच नाही म्हटलं, तर वीज गेल्यावर त्यांच्या श्वासाचं काय?

एका दुपारी वीज गेली ती लवकर येईना. मी पार रिकामी होत आले, तेव्हा कुठे आली. मी भरू लागले आणि फळी करकरली. भिंतीचा पोपडा आजोबांच्या पांघरुणावर पडला.

"अहो, फळी बघा आधी," सूनबाई म्हणाल्या. आजोबांच्या मुलाने धावत येऊन मला खाली उतरवलं.

काकू आल्याच. "मी सांगत नव्हते? चार्ज झाली की जड होते."

आजोबांची लेक शाळेत विज्ञान शिकवते. फळीचे स्क्रू बोटाने हलवत ती म्हणाली, "काकू, साठलेल्या ऊर्जेलाही वजन असतं, म्हणून वाढतं खरं. पण हिच्यावर धुळीचा कण बसला तर त्याचं वजन जास्त भरेल. फळी सुटली ती भिंतीला ओल आलीय म्हणून."

"म्हणजे वाढतं ना?"

"वाढतं."

"मग झालं तर."

"तुमचं ठरलं की सांगा," आजोबा म्हणाले, "तोवर मी सरकून बसतो."

आता मी पलंगाच्या पायाशी, जमिनीवर आहे. पडायची भीती गेली. पण वीज गेली की दुसरीच भीती धरते. कणाहून हलकं ते माझं वाढलेलं वजन कमी कमी होत जातं, आणि वर आजोबांची छाती खालीवर होत असते.

वीज असेल तेव्हा मला भरून ठेवा बाई. तेवढं जड होणं मला चालेल.