तिसऱ्या दिवशी मोरचूद

“एका दिवसानं असा काय फरक पडतो, सिबिलताई?” सोमवारी सकाळी परीक्षितनं उलट मलाच विचारलं. आमच्या दोघांमध्ये टेबलावर सहा फ्लास्क होते. सहाही फ्लास्कमधल्या सांडपाण्याचा रंग निळा तो निळाच.

काय फरक पडतो! आमची बुरशी नोव्हा स्कोशियाच्या समुद्रातल्या कुजक्या लाकडावरून आणलेली. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं खारट सांडपाणी तिला सोसतं आणि तिच्या एन्झाइमनं त्यातला रंग उडतो. पण ते एन्झाइम ती सुखासुखी सोडत नाही. त्यासाठी तिला चिमूटभर मोरचूद, म्हणजे तांबंच, द्यावं लागतं. तेही तीन दिवस नीट वाढू दिल्यावर. आधी दिलंत तर तेच तांबं तिला विष. वॉन शहरातल्या या लॅबमध्ये हे वहीत लिहून, फळ्यावर लिहून आणि तोंडानं सांगून मी थकले. शनिवार आम्हा ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी मी कामाला हात लावत नाही, हेही बावीस वर्षं सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून म्हटलं होतं, बुरशी गुरुवारी लावू, तांबं रविवारी मी येऊन घालीन. पण परीक्षित, आमचे हे तरुण साहेब, कसले ऐकतात! बुधवारीच लावायला लावली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

“शनिवारी तू येणार होतास ना?”

“आमच्या राजसची हॉकी होती हो. म्हणून फ्रायडे इव्हिनिंगलाच टाकलं. म्हटलं, चालून जाईल.”

तासाभरात हेड ऑफिसला त्याचा ईमेल गेला, मलाही कॉपी. बुरशी तयार करताना सिबिल अष्टमकर यांच्याकडून चूक झाली, असं त्यात होतं. चोराच्या उलट्या बोंबा! वाचून माझे कान तापले. मुंबईची एम.एस्सी. असून इथे मी आधी चार वर्षं बाटल्या धुतल्या, तेव्हा कुठे बुरशीला हात लावायला मिळाला. त्यानंतर एकही फ्लास्क माझ्या हातून बिघडला नव्हता.

मी गुरुवारी पुन्हा बुरशी लावली, रविवारी जाऊन तांबं घातलं. पुढच्या शुक्रवारी कारखान्याचे लोक आले, तेव्हा फ्लास्कमधलं पाणी नळाच्या पाण्यासारखं दिसत होतं. तांबं तिसऱ्या दिवशीच का घालायचं, हे परीक्षितनं त्यांना फार छान समजावून सांगितलं.

ते गेले तेव्हा पावणेचार झाले होते. डिसेंबरातला सूर्य, पाचच्या आत बुडतो, आणि शुक्रवारी तो बुडाला की आमचा शब्बाथ लागतो. माझी बस चार दहाची. मी कोट चढवला आणि परीक्षितच्या समोर जाऊन बसले.

“तो ईमेल दुरुस्त कर.”

“अहो, आता रिझल्ट आला ना! लेट इट गो. मंडेला बघतो.”

“आज. पहिला ज्यांना गेला, त्या सगळ्यांना.”

“तुमची बस जाईल, ताई.”

“जाऊ दे.”

त्यानं उगाच एक फोन केला, मग कॉफी आणायला गेला. चार दहा होऊन गेले. पार्किंगमधले दिवे लागले. शेवटी तो टाइप करायला बसला. मी मागे उभी राहून ओळ न् ओळ वाचली. ‘शुक्रवारी तांबं मी घातलं’ हे वाक्य त्यानं दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा ठेवलं. सेंड दाबलं तोवर बाहेर काळोख पडला होता.

शब्बाथ लागल्यावर मी कधी बसमध्ये चढले नव्हते. त्या दिवशी चढले. कार्ड टेकवलं.

घरी माझ्या नवऱ्यानं, बेन्सियननं, एकट्यानंच शब्बाथचे दिवे लावले होते. त्यानं टेबलाशी माझी खुर्ची ओढून दिली. दिव्यांवरून हात फिरवून, डोळे झाकून प्रार्थना म्हणायची वेळ निघून गेली होती. मी नुसतीच त्यांच्याकडे बघत बसले.