चौथा रकाना

आमच्या घरात कुणी काय साफ करायचं हे मी ठरवते. मला कुणी निवडून दिलेलं नाही. पण बसडेपोत ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, आणि ज्याला पहाटेची गाडी दिली त्याचं तोंड कसं बंद करायचं हे मला येतं. घरातल्या बाकीच्या दोघींना येत नाही. त्यांतली एक हॉस्पिटलात नर्स आहे आणि दुसरी बेकरीत काम करते.

या दोघींबरोबर भाडं वाटून घेत मी राहायला आले तेव्हा इथं ‘जिला जमेल तिनं करावं’ असा कारभार होता. म्हणजे जिला घाण बघवत नाही तिनं मरावं आणि जिला ती दिसतच नाही तिनं मजेत राहावं. नर्स मरत होती. बादल्या आपटत, कुणाशी न बोलता, सगळं घर एकटीच घासत होती. बेकरीवालीला मात्र घाण खरंच दिसत नसे. ओटा पुसणं म्हणजे ओटा ओला करणं, अशी तिची समजूत होती. बाथरूमच्या जाळीत अडकलेले केस कुणाचे, यावर दोघींची एवढी जुंपायची की शेजारीण दार उघडून ऐकत उभी राहायची.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी एक पांढरा फळा लावला आणि त्यावर तीन रकाने आखले. डेपोत चालतं तेच इथं आणलं. कुठलं काम हलकं, कुठलं भारी, ते एकदाच तोलायचं आणि मग फिरवत राहायचं. कुणाची दयामाया नाही. एकटं बाथरूम हे अख्ख्या घराच्या झाडण्या-पुसण्याएवढं धरलं. ओटा, फ्रिज आणि कचरा मिळून एक. दर रविवारी कामं एक घर पुढं सरकणार. ड्युटी बदलून हवी असेल तर आधी सांगायचं. काम राहिलं तर दंडबिंड काही नाही, फक्त माझं तोंड ऐकायचं. दोघींनी कुरकुर केली आणि मग मुकाट्यानं कामाला लागल्या. बादल्यांचा आवाज बंद झाला.

बेकरीवालीची आई, म्हणजे आमच्या काकू, एक बॅग घेऊन आल्या तेव्हा चार दिवसांचं ठरलं होतं. त्यांच्या मुलाच्या घरी फरशी बदलायचं काम निघालं होतं आणि काकूंना धूळ सोसत नव्हती. हॉलमधला दिवाण आम्ही त्यांना दिला. चार दिवस गेले, फरशी बसली, ती बघायला पाहुणेही येऊन गेले, पण मुलाचा फोन काही येईना. शेवटी बेकरीवालीनंच केला. नंतर भांडी पुसता पुसता ती आम्हाला म्हणाली, “दादानं आईच्या खोलीत पोराचं अभ्यासाचं टेबल टाकलंय. म्हणतो, तिला तिकडे करमतंय तर राहू दे की.”

“करमतंय का ते त्यांना विचारलं कुणी?” मी म्हटलं.

“आईला कळलंय सगळं. ती काही बोलत नाही.”

म्हणजे आमचा दिवाण सोडला तर काकूंना जागा उरली नव्हती. नर्स म्हणाली, राहू देत की, आपल्याला काय अडचण आहे. मलाही अडचण नव्हती. तसं आम्ही काकूंना सांगायला हवं होतं. ते कुणाला सुचलं नाही.

काकू उजाडायच्या आत उठायच्या. पायाचा आवाज नाही की भांड्याचा नाही. मी तोंडात ब्रश घालून बाहेर यायचे तेव्हा बाथरूम घासून, पुसून कोरडं झालेलं असायचं. नळ चकाकत असायचे. शेगडीच्या बर्नरची भोकं त्यांनी टाचणीनं मोकळी केली. दिव्यांच्या बटणांवरचे कित्येक वर्षांचे डाग गेले. रात्रपाळी करून आलेली नर्स दारातच चपला सोडायची, इकडे तिकडे बघायची आणि “काय बाई आहे,” असं पुटपुटत झोपायला जायची. बेकरीवालीला तर अंघोळीशिवाय बाथरूमकडे फिरकायचं कारण राहिलं नव्हतं.

मला राग यायचा. दर रविवारी मी आपली रकाने पुसून कामं पुढं सरकवायची आणि ती करायला शिल्लक काहीच नाही. फळा नुसता शोभेला राहिला होता. एकदा माझ्याकडे बाथरूम होतं तेव्हा मी मुद्दाम लवकर उठले. जाऊन बघते तर काकू ब्रश धुऊन ठेवत होत्या.

“काकू, आज माझं होतं.”

“असू दे गं. झालं सुद्धा.”

“तुम्ही झोपत का नाही?”

“झोप येत नाही या वयात,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. संध्याकाळी त्या दिवाणाच्या कडेला बसून गुडघे चोळत होत्या, ते मी पाहिलं.

मग एक दिवस काकू भाजी आणायला गेल्या असताना मी दोघींना स्वयंपाकघरात उभं केलं. “एका म्हाताऱ्या बाईला आपण राबवून घेतोय,” मी म्हटलं.

“राबवतोय कुठं? ती आपणहून करते,” बेकरीवाली म्हणाली. “तिला सवयच आहे.”

“तुझी आई आहे म्हणून तुला दिसत नाही. तुला तसंही काही दिसत नाही.”

नर्सला हसू आलं, पण गुडघ्यांचं तिनंही पाहिलं होतं. सुजतात, म्हणाली, असंच चाललं तर पुढं जड जाईल. मग तिघींचं एकमत झालं. काकूंनी कशालाही हात लावायचा नाही. झाडू, ब्रश, पुसायचा दांडा, सगळं नर्सनं स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवलं. काकूंना सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

“काकू, खूप केलंत आयुष्यभर. आता तुम्ही आरामात बसायचं,” मी म्हटलं. “आजपासून कशालाही हात लावायचा नाही. हा नियम आहे.”

“बरं,” काकू म्हणाल्या.

एवढ्या सहज ऐकल्या म्हणून आम्हाला बरं वाटलं. बेकरीवालीनं आइस्क्रीम आणलं. आपण किती न्यायानं वागतो याचं कौतुक करत आम्ही ते खाल्लं.

काकू बसल्या. डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसावं तशा, दिवाणाच्या कडेला. स्वतःचा कप पिऊन होताच धुऊन ठेवायच्या. पंखा लावायचा तरी विचारायच्या. जेवायला वाढलं की “बास, बास” म्हणायच्या. नर्सनं दोनदा ब्लडप्रेशर बघितलं, तेही ठीक होतं. मग ती म्हणाली, सवय मोडताना असं होतं माणसाला, होईल हळूहळू. आमचे रकाने पुन्हा सुरळीत चालू झाले होते, त्यामुळे मी खुशीत होते.

एका संध्याकाळी मी डेपोतून आले तर दाराशी काकूंची बॅग. काकू खुर्चीवर बसून चपलेचा पट्टा लावत होत्या. बेकरीवाली स्वयंपाकघरात रडत होती आणि नर्स दोघींच्या मधे नुसती उभी होती.

“मावसबहिणीकडे जाते,” काकू मला म्हणाल्या. “अंथरुणाला खिळलीये ती. तिचं सगळं करायला माणूस लागतं.”

माझं डोकं सटकलं. “इथं काय कमी केलं आम्ही तुम्हाला?”

“काही नाही गं. चांगल्या आहात पोरी.”

“मग?”

काकूंनी थोडा वेळ पट्ट्याशीच खटपट केली. “सूनही चांगलीच आहे,” त्या म्हणाल्या. “आधी म्हणाली, आई, भांडी नका घासू, तुम्ही बसा. मग म्हणाली, स्वयंपाकाचं मी बघते, तुम्ही बसा. मी बसले. नुसतं बसणाऱ्या बाईला खोली कशाला लागते? ती हॉलमध्येही बसू शकते. मग हॉलमध्ये पाहुणे येतात.” त्यांनी दिवाणाकडे पाहिलं. “इथं तर माझी सुरुवातच हॉलमधून झाली. तुम्हाला जा म्हणावं लागायच्या आत आपणच गेलेलं बरं.”

डेपोत एखाद्याला घरी बसवायचं असलं की त्याला कुणी जा म्हणत नाही. त्याला ड्युटी लागत नाही. तो डबा घेऊन येतो, चार्ट बघतो, पुन्हा वरपासून खालपर्यंत बघतो, मग पाणी पिऊन येतो आणि परत बघतो. चार्ट मीच लावते. त्या माणसाचा चेहरा मला पाठ आहे. तोच चेहरा इतके दिवस माझ्यासमोर दिवाणावर बसला होता आणि मला ओळखता आला नाही. स्वतःची एवढी चीड मला कधी आली नव्हती.

मी फडकं घेतलं आणि फळा पुसून काढला. मग चार रकाने आखायला घेतले. चौथ्यावर ‘काकू’ लिहिलं.

“आता पुन्हा तोलायला लागणार सगळं,” मी म्हटलं. “झाडणं आणि पुसणं वेगळं करू या.”

नर्सला लगेच उमगलं. “त्यांना खाली बसायचं काही देऊ नकोस,” ती म्हणाली. “ओटा आणि फ्रिज कायम त्यांच्याकडेच ठेव.”

“कायम काही नाही. फिरणार म्हणजे फिरणार.”

“अगं, पण गुडघे?”

“मग बाथरूम तरी वगळ,” बेकरीवाली डोळे पुसत बाहेर आली.

“का म्हणून?” काकू म्हणाल्या. तिघींनी वळून पाहिलं. एक चप्पल त्यांच्या पायात होती, दुसरी हातात. “बाथरूमही घेईन मी. लांब दांड्याचा ब्रश मिळतो, उभ्यानं घासता येतं. तुमच्यापेक्षा बरं घासते.”

“ते दिसलंय आम्हाला,” मी म्हटलं. “पण दुसरीच्या रकान्यातल्या कामाला हात लावायचा नाही. लावलात तर गाठ माझ्याशी आहे.”

काकू फळ्याजवळ आल्या आणि आपला रकाना वाचत राहिल्या. “हे कधीपर्यंत?” त्यांनी विचारलं.

“कधीपर्यंत म्हणजे? दर रविवारी एक घर पुढं सरकतं. ते संपत नसतं.”

त्यांनी पायातली चप्पल काढली. बेकरीवालीनं बॅग उचलून आत नेली, आणि मी खाली दुकानात जाऊन लांब दांड्याचा ब्रश आणला.

सुरुवातीला काकू चोऱ्या करायच्या. नर्सचा ओटा पहाटेच पुसून ठेवायच्या आणि मी विचारलं की कानावर हात ठेवायच्या. मी त्यांना झापायचे. बेकरीवालीला ते लागायचं. आईशी असं बोलतात का, म्हणायची. मी म्हणायचे, तुझ्याशी बोलते तसंच बोलते. हळूहळू चोऱ्या थांबल्या. आता काकू बेकरीवालीनं पुसलेल्या ओट्यावरून बोट फिरवायच्या आणि ते तिच्यासमोर धरायच्या.

एका रविवारी सकाळी आम्ही चौघी चहा घेत होतो आणि काकूंना मुलाचा फोन आला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवरच असतो.

“आई, ही आठ दिवस बाहेरगावी चाललीये,” मुलगा म्हणाला. “तू ये ना. पोराकडे, घराकडे बघायला कुणीच नाही.”

बेकरीवालीनं कप खाली ठेवला. नर्स खिडकीबाहेर बघायला लागली. आठ दिवसांनी त्या माणसाला आई पुन्हा नको होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण मुलगा बोलावतोय आणि आई जातेय, यात मी कोण बोलणार?

काकूंनी मान वळवून फळा बघितला. “या आठवड्यात माझ्याकडे बाथरूम आहे,” त्या म्हणाल्या.

“काय आहे?”

“बाथरूम. माझी ड्युटी आहे.”

“मग करेल की दुसरी कुणीतरी. त्यात काय एवढं?”

“इथं तसं चालत नाही,” काकू म्हणाल्या. “बदलून हवी असेल तर आधी सांगावं लागतं. पुढच्या वेळी आधी सांग, मग बघू.” आणि फोन ठेवून त्यांनी दुसरा कप चहा ओतून घेतला.

आठवडा सरत आला. शनिवारी संध्याकाळी डेपोतून आले, हातपाय धुवायला गेले, तर बाथरूमला ब्रश लागलेला नव्हता. कोपऱ्यात साबणाचा थर, जाळीत केसांचा पुंजका. काकू दिवाणावर पाय पसरून, उशीला टेकून, नर्सनं आणून दिलेलं मासिक वाचत होत्या.

“काकू, बाथरूम तुमच्याकडे होतं.”

“हो.”

“मग? आठवडा संपला.”

“उद्या करते,” काकू मासिकातून डोकं न काढता म्हणाल्या. “आज कंटाळा आलाय.”

बेकरीवाली पटकन उठली. “मी करते, आईच्या ऐवजी मी...”

“बस खाली,” मी म्हटलं. “काम त्यांचं आहे, ते तू करायचं नाही.” मग मी काकूंना मनसोक्त ऐकवलं. त्यांच्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो, फोनवर ऐट करायची आणि काम मात्र तसंच ठेवायचं, हे सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग पान उलटलं आणि पुन्हा म्हणाल्या, “उद्या.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण माझी सकाळची ड्युटी होती. नाक मुरडत त्याच बाथरूममध्ये अंघोळ उरकली आणि बाहेर पडले. चांगलं फटफटलं होतं आणि हॉलमध्ये काकू अजून घोरत होत्या.