साहेबाचा रोल

त्या वर्षी कोथरूडमध्ये दर दुसऱ्या फ्लॅटवर सॉफ्टवेअर कंपनीची पाटी लागत होती. अशाच एका फ्लॅटमध्ये ब्लेझर चढवून मी साहेब झालो होतो. मी महिपती, नाटकातला विनोदी नट. सिनेमात हवालदार आणि वेटर यांच्यापुढे माझी मजल गेली नव्हती. दिग्दर्शक साईनाथ म्हणाला, "अहो, ठगांवरची कॉमेडी आहे. तुम्ही खोट्या कंपनीचे साहेब. मुलाखत घ्यायची, डिपॉझिट घ्यायचं. समोरचेही नटच. कॅमेरा त्या काळ्या काचेमागे, म्हणजे अभिनय नैसर्गिक होतो." मला मेल्याला पटलं. मोठा रोल म्हटला की नटाची अक्कल चरायला जाते.

सुरू करण्याआधी पाणी प्यायला आत गेलो. काळ्या काचेमागे स्वयंपाकाचा ओटा आणि रिकामा सिलिंडर. कॅमेरा नाही, माणूस नाही. म्हणजे शूटिंग नव्हतंच, डिपॉझिट मात्र खरं होतं.

बाहेर आलो तर पहिली मुलगी समोर बसलेली, मांडीवर जाड पाकीट. आडदांड साईनाथ दार अडवून उभा. सरळ बोललो असतो तर त्यानं हाडं मोडली असती. ठरवलं, इतका वाह्यातपणा करायचा की पोरगी आपणहून उठून जाईल.

"नाव?"

"नम्रता. यवतमाळची आहे सर. जावा शिकली मी."

"आमच्याकडे कॉम्प्युटर नाहीत. प्रोग्रॅम पाटीवर लिहितो."

ती हसली. "चालेल सर."

"पगार चकल्यांत मिळेल."

ती आणखी हसली. साहेबाच्या विनोदाला हसायचं असतं, हे तिला कोणीतरी पढवून पाठवलं होतं. साईनाथही हसला, पण नजर माझ्यावर रोखून.

शेवटी पुढे वाकून पुटपुटलो, "बाळ, हे सगळं खोटं आहे. पाकीट घे आणि ऊठ."

ती ताठ बसली. "क्लासमध्ये सांगितलं होतं सर, मुलाखतीत घाबरवून पाहतात. मी नाही घाबरत. बाबांनी दुकान विकलं आहे." आणि तिनं पाकीट टेबलावर ठेवलं.

ते उचलायला साईनाथ पुढे आला, दार मोकळं झालं. मी झडप घालून पाकीट घेतलं आणि पळालो.

"चोर! चोर!"

जिन्यावर रांगेत बसलेली पोरं माझ्यामागे धावली. भर रस्त्यात गाठलं मला. रिक्षावाल्यांनीही हात धुऊन घेतले. नम्रतानं पाकीट हिसकावलं आणि पायातली चप्पल काढली.

गॅलरीतून साईनाथ ओरडला, "तो तोतया होता! खरे साहेब आत्ता येतील, वर या!"

मी हात जोडले. "मार बाई, हवं तेवढं मार. पण वर जाऊ नकोस."

"जाणारच. माझी मुलाखत अर्धी राहिली आहे."

एका रिक्षावाल्यानं धरलेली माझी कॉलर सोडली नाही. नम्रता जिना चढली. तिच्यामागे ती सगळी पोरं, रांगेतला आपला नंबर जाऊ नये म्हणून, धावत.