सोनीबाईची टोपली

जिग्नेशभाईंना रेल्वेचं वेड आहे, असं डहाणूत कोणीही सांगेल. वेड आहे हे खरंच, फक्त ते कधी त्यांच्या बोटांपर्यंत पोचलं नाही. तळासरीला हायवेलगत त्यांचा गाळा होता. मुंबई-पुण्याचे हौशी लोक आपले मॉडेल रेल्वेचे डबे तिथे पाठवायचे. खऱ्या डब्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढे, हातभरसुद्धा लांब नाहीत, आणि कारखान्यातून आलेले म्हणून सगळे एकजात गुळगुळीत. त्यांची प्लास्टिकची चाकं काढून धातूची बसवायची, खिडक्यांना तांब्याच्या तारेचे गज लावायचे, दोन डब्यांमधला भाता काळ्या कागदाच्या बारीक घड्या घालून करायचा, बाकं रंगवायची, आत दिवे जोडायचे. हे सगळं प्रगती करायची. जिग्नेशभाई गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचे. बोलण्यात मात्र ते कोणाला हार जात नसत.

प्रगती झाईची, घोलवडजवळच्या समुद्रकाठच्या गावची. तिची आई सोनीबाई मासळी विकायची आणि घरी असली की अंगणात बसून जाळी दुरुस्त करायची. प्रगतीच्या हाताला वळण लागलं ते तिथेच. शाळेतून आली की आईसमोर बसायचं, सुई घ्यायची आणि जाळ्याचं फाटलेलं घर विणून काढायचं. गाठ ढिली पडली की सोनीबाई काही न बोलता ती सोडवून पुन्हा हातात द्यायची. अशा किती गाठी सोडवल्या गेल्या त्याला गणती नाही, पण त्यामुळे प्रगती गाळ्यात आली तेव्हा चिमट्यात धरायच्या वस्तूंची तिला धास्ती वाटली नाही.

सोनीबाई गेली त्या वर्षी गाळ्यात एक मोडका डबा पडून होता. गिऱ्हाइकाने नको म्हटलं होतं. जिग्नेशभाई म्हणाले, फेक नाहीतर तुला काय करायचं ते कर. प्रगतीने तो घेतला. काम सुटल्यावर तासभर बसायची, असे चार महिने ती बसली, आणि त्या डब्याचा तिने मासळीवाल्या बायकांचा लगेज डबा केला. आई आयुष्यभर ज्या डब्यातून घोलवडहून वापीला गेली, तो.

आत चौदा बायका होत्या. बोटाच्या पेराएवढी एकेक, तारेच्या सांगाड्यावर पुट्टी चढवून केलेली, आणि चौदाही झाईच्या खऱ्या बायका. लाडकी दाराशी पदर खोचून उभी. पुतळीमावशी टोपलीवर डोकं टेकून झोपलेली, कारण पुतळीमावशी गाडीत बसली की झोपायचीच. आणि मधोमध सोनीबाई, अंगाने भरलेली, एक पाय टोपलीला टेकवून बसलेली. गाडीला झोका बसला की टोपली घसरते, म्हणून बायका अशी पायाने टोपली धरतात. हे कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

छपराचा प्रश्न आला. डिंकाने चिकटवलं तर बिघडलेला दिवा बदलता येणार नाही, स्क्रू लावला तर दिसेल. प्रगतीने आईची गाठ वापरली. छपरावरच्या हवेच्या झाकणांतून बारीक नायलॉनचा दोरा आत घेतला, खाली बॅटरीच्या पेटीमागे आणला आणि तिथे जाळ्याची गाठ मारली. योग्य टोक ओढलं की छप्पर हातात, चुकीचं ओढलं की गाठ आणखी आवळते. गाळ्यातल्या बाकी सगळ्या डब्यांची छपरं बाजूने दाबली की उघडायची. हा एकच वेगळा होता, आणि हे तिला कोणी विचारलं नाही म्हणून तिने सांगितलंही नाही.

शेवटी दाराखाली तिने पांढरट ओघळ काढले. जिग्नेशभाईंनी डबा पाहिला, त्या ओघळांवर बोट ठेवलं आणि ही घाण पुसून टाक म्हणाले. तिने समजावलं की टोपल्यांतलं खारं पाणी दारातून गळतं, वाळतं, त्याचे हे डाग. त्यांनी खांदे उडवले. प्रगती दुपारी जेवणाचा डबा उघडायची आणि त्यात सुके बोंबील असले की हेच जिग्नेशभाई पंखा लावायला सांगायचे. त्यांना खाऱ्या पाण्याचं काय कौतुक असणार?

मग पुण्याहून एक जण व्हिडिओ करायला आला. प्रगती त्या दिवशी सुट्टीवर होती. चार दिवसांनी झाईच्याच एका पोरीने मोबाईलवर तो तिला दाखवला. जिग्नेशभाई तळहातावर डबा घेऊन बसले होते. पाहुण्याने दाराखालच्या ओघळांची तारीफ केली, तर म्हणाले, लहानपणी बारकाईने बघितलेलं ते हाताने आपोआप केलं. हाताने! ज्या हाताला चिमटा कुठून धरायचा ते माहीत नाही, त्या हाताने. हेही प्रगतीने गिळलं असतं. गाळ्यातून गेलेल्या शंभर डब्यांवर तिचं नाव नव्हतं, हा एकशे एकावा. पण पाहुण्याने खिडकीतून आत बघून मधल्या बाईबद्दल विचारलं, आणि जिग्नेशभाई हसत म्हणाले, "ती जाडी? ती जरा गंमत म्हणून बसवलीय. लोकांना हसायला पाहिजे ने काहीतरी."

पाहुणाही हसला. व्हिडिओखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली होती. प्रगतीने मोबाईल त्या पोरीला परत दिला आणि भात लावायला आत गेली. तिचं डोकं तापलं नव्हतं. तापलं असतं तर जिग्नेशभाई सुटले असते. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना चार शब्द सुनावले असते, त्यांनी सॉरी म्हटलं असतं, चहा मागवला असता. तिला चहा नको होता. ज्या आईवर चारचौघांत हसलात, तिच्याचपायी चारचौघांत तोंड लपवाल, एवढंच तिला हवं होतं, आणि ते तिला इतकं हवं होतं की रात्री दाढा दुखायच्या.

संधी जिग्नेशभाईंनीच आणून दिली. डहाणूला मॉडेल रेल्वेवाल्यांचं प्रदर्शन भरणार होतं, स्पर्धेसह. अर्ज त्यांनी प्रगतीलाच भरायला सांगितला. नियम वाचायचा त्यांना कंटाळा, तिने मात्र सगळे वाचले. डबा स्पर्धकाने स्वतः बनवलेला असावा. छप्पर काढून आतलं काम परीक्षकांना दाखवावं लागेल. तिने शांतपणे त्यांचं नाव लिहिलं आणि सहीला कागद पुढे केला.

मग तिने विचारलं, जिग्नेशभाई, खिडक्यांना झडपा बसवू का, सगळ्या खाली ओढलेल्या? आधी बाहेरून काही दिसणार नाही, मग छप्पर उचललं की चौदा बायका एकदम समोर. त्यांना कल्पना फार आवडली. हुशार आहेस, असंही म्हणाले. पाच वर्षांत पहिल्यांदाच.

झडपा बसल्या. आणि रोज दुपारी जिग्नेशभाई जेवायला घरी गेले की प्रगती दोरा सोडायची, एका बाईचे पाय आणि तिची टोपली पात्याने हळूच मोकळी करायची आणि पुन्हा गाठ मारायची. जेवणाच्या डब्याच्या वरच्या पुडात कापसावर ठेवलेली ती बाई संध्याकाळच्या एसटीने झाईला यायची. ज्या डब्याच्या वासाने पंखा लागायचा, त्याच डब्यातून एकेक बाई घरी गेली. पुतळीमावशी झोपलेलीच गेली.

चौदाव्या दिवशी सोनीबाई. ती नीट सुटली. टोपली मात्र सुटेना. गाडी हलली तरी आईची टोपली हलू नये म्हणून प्रगतीने ती सगळ्यात घट्ट बसवली होती, तळाच्या फळीशी एकजीव. जोर केला तर आवाज होणार, तळ फाटणार, आणि बाहेर तर जिग्नेशभाईंच्या गाडीचा हॉर्न वाजला. तिने छप्पर बसवलं आणि गाठ मारली. एकटी टोपली आत राहिली. त्या रात्री घरच्या ओट्यावर मांडलेल्या बायकांत आईचा पाय नुसत्या हवेत टेकलेला दिसत होता, आणि प्रगतीला जेवण गेलं नाही.

प्रदर्शनाला गर्दी चांगली होती. मुख्य परीक्षक सावे नावाचे गृहस्थ, रेल्वेच्या कारखान्यात फोरमन म्हणून निवृत्त झालेले, बोलायला कमी आणि बघायला जास्त. जिग्नेशभाईंनी नवा सदरा घातला होता. प्रगती मागे भिंतीला टेकून उभी राहिली.

सावेंनी दाराखालच्या ओघळांवर भिंग धरलं आणि मान हलवली. मग म्हणाले, उघडा. जिग्नेशभाईंनी जमलेल्या लोकांना आधी चौदा बायकांची गोष्ट ऐकवली, प्रत्येकीचा चेहरा वेगळा वगैरे, आणि छप्पर दोन्ही बाजूंनी दाबलं. काही झालं नाही. त्यांनी नख घातलं. डबा उलटा करून बघितला, दोऱ्याचं एक टोक दिसलं ते ओढलं. गाठ आवळली. हसत हसत पुन्हा ओढलं, ती आणखी आवळली. कपाळावर घाम दिसायला लागला.

सावेंनी विचारलं की छप्पर कशावर बसवलंय. जिग्नेशभाई म्हणाले, क्लिपा आहेत, जरा घट्ट झाल्यात. सावेंनी डबा हातात घेतला, पेटीमागे बघितलं आणि म्हणाले, इथे क्लिप नाही, गाठ आहे. ही कोणी मारली?

जिग्नेशभाईंनी भिंतीकडे बघितलं. "प्रगती, जरा इकडे ये ने."

ती आली, सावकाश, वाटेत कोणाला धक्का लागणार नाही अशी.

"उघड," ते दातांतल्या दातांत म्हणाले.

"तुम्ही हाताने केलाय ना, जिग्नेशभाई," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "मग उघडा की."

जिग्नेशभाई आधी टेबलाकडे, मग आपल्या बुटांकडे बघायला लागले. प्रगतीने तेवढा वेळ त्यांना दिला. हा वेळच तर तिला हवा होता, आणि तो तिने चवीने घेतला, अजिबात लाज न वाटता. मग सावेंनी डबा तिच्या पुढे धरला. तिने सुईने दुसरं टोक उचललं, ओढलं, आणि छप्पर तिच्या हातात आलं.

आत दिवे लागलेले होते. बाकं रिकामी होती. बाकांवर आणि फळीवर डिंकाचे चौदा बारके डाग, आणि मधोमध एक टोपली.

"बायका कुठे आहेत?" सावेंनी विचारलं.

"उतरल्या," प्रगती म्हणाली. "घोलवडला." मग ती जिग्नेशभाईंकडे वळली. "ती जाडी होती ना, लोकांना हसायला बसवलेली? ती माझी आई."

मागे कोणीतरी तो व्हिडिओ बघितलेला असावा, कारण कुजबुज झाली आणि ती पुढे पुढे सरकत आली. जिग्नेशभाईंचा चेहरा पडला. मला काय माहीत, असं काहीतरी ते पुटपुटले, आणि ते खरंच होतं. पाच वर्षांत त्यांनी काही माहीत करून घेतलं नव्हतं. सावेंनी अर्जावर आडवी रेघ मारली आणि प्रगतीला नाव विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं की नाही ते तिने बघितलं नाही, कारण तिचं काम अजून संपलं नव्हतं.

तिने पिशवीतून चिमटा काढला, टोपली धरली आणि पिळली. तळाची फळी करकरली.

"अगं, डबा मोडेल," जिग्नेशभाई म्हणाले.

"मोडू दे. डबा तुम्हीच ठेवा."

टोपली निघाली. तिच्याबरोबर तळाचा तुकडाही निघाला आणि त्या भोकातून खालचं टेबल दिसायला लागलं. प्रगतीने टोपली कापसात गुंडाळून जेवणाच्या डब्याच्या वरच्या पुडात ठेवली, झाकण लावलं आणि ती बाहेर पडली. नोकरी गेली होती. ते तिला अर्ज भरतानाच ठाऊक होतं.

संध्याकाळी झाईला पोचल्यावर तिने चप्पलसुद्धा काढली नाही. ओट्यावर तेराजणी दाटीवाटीने होत्या आणि आई मधोमध, पाय हवेत. प्रगतीने टोपली त्या पायाखाली सरकवली. थोडी डावीकडे, मग थोडी आत, जोवर पाय नीट टेकला नाही तोवर.